रंजनाचा बाजूचा ढीग

मला रंजना देवरेचा पहिला राग आला तो माझ्याच दुर्बिणीवरून.

दुर्बीण माझी होती. दहावीला मार्क बरे पडले म्हणून बाबांनी मुंबईहून आणलेली. स्टँड डुगडुगायचा, पण आमच्या नाशिकच्या अख्ख्या कॉलेजात तेवढी एकच. त्यामुळे फिजिक्सच्या वर्गात मी 'दुर्बीणवाली'. आकाशाचा विषय निघाला की भालेराव सरांसकट सगळे माझ्याकडे बघायचे, आणि मला ते इतकं आवडायचं की मीच उगाच आकाशाचे विषय काढायचे. मग टीवायला सटाण्याकडून ही मुलगी आली. कंबरेपर्यंत वेणी, मनगटावर भावाचं मोठं घड्याळ, खांद्याला कापडी पिशवी. नखांच्या कडा कायम पिवळट-काळपट. आली आणि खिडकीजवळच्या माझ्या बाकावर, माझ्या शेजारी बसली. "इथं कोन बसतं का?" एवढंच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पिशवीतून शेंगदाण्याची पुडी काढून माझ्यापुढे धरली.

दिवाळीच्या आसपास सरांनी आम्हा बारा जणांना म्हसरूळच्या पुढे मोकळ्या रानात नेलं. नुकता दिवस मावळला होता. मी दुर्बीण लावून एकेकाला चंद्र दाखवत होते. "आई गं, खड्डे!", "भारीच की!" असं चाललेलं. माझी छाती फुगलेली. रंजनाचा नंबर शेवटी. तिने दुर्बिणीला आयुष्यात पहिल्यांदाच डोळा लावला असेल.

सर म्हणाले, "चंद्र पुरे आता. हंसाच्या चोचीतला तो तारा लाव बरं."

मी लावला. रंजना वाकली, आणि बराच वेळ वर आलीच नाही.

"सर, हा एक नाय," ती वाकलेलीच म्हणाली. "दोन हायेत. मोठा पिवळा-नारिंगी, धाकला निळा."

सर इतके खूश झाले की खिशातली वेलची काढून त्यांनी तिला दिली. सरांची वेलची! मला तीन वर्षांत एकदाही मिळाली नव्हती. वर मला म्हणाले, "काय गं मुग्धा, तू तर कितीदा बघितला असशील?"

"हो सर, कितीदा," मी म्हटलं.

साफ खोटं. त्या ताऱ्याकडे मी त्याआधी कधी दुर्बीण वळवलीच नव्हती. मला आपले चंद्र आणि शनी पुरायचे. लोक त्यांनाच "भारी" म्हणतात.

तर तिथून सुरुवात झाली.

तिच्या हातांबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्या हातांमुळे झालं. ते कधी रिकामे नसत. कँटीनमधे चहा येईपर्यंत ती टेबलावरच्या काडेपेटीतल्या काड्या काढायची. लांब एकीकडे, आखूड दुसरीकडे, आणि ज्यांचा गूल अर्धवट किंवा दोन काड्या चिकटलेल्या, त्या तिसरीकडे. बोलता बोलता, न बघता. शेंगदाणे खातानाही तसंच. भरलेले तोंडात, आणि करपलेले, किडके कागदाच्या एका कोपऱ्यात.

"अगं फेक ना ते," मी म्हणायचे.

"टाकायचं नाय. बाजूला ठेवायचं."

"का पण?"

"आपल्याकडं तसंच करतात." झालं. पुढे काही नाही.

कुठलीही अडचण आली की तिचं दुसरं एक वाक्य ठरलेलं होतं: "आधी ढीग लावू." गणित सुटत नाही? आधी ढीग लावू. होस्टेलमधल्या दोघी भांडल्या? आधी ढीग लावू, कोन काय बोललं. परीक्षेचं टाइमटेबल, धुवायचे कपडे, कुणाच्या लग्नाला जायचं, सगळ्याला एकच औषध. महिन्याभरात वर्गातली पोरं पण म्हणायला लागली, "देवरे, ढीग लाव गं जरा." मी त्या वर्गात तीन वर्षं होते. माझं एकही वाक्य कुणी उचललं नव्हतं.

मग ते लंबकाचं प्रकरण. लॅबमधे लंबकाचा प्रयोग सगळेच करतात, आणि खरं सांगायचं तर रीडिंग सगळेच थोडं थोडं जुळवतात. पुस्तकातलं उत्तर माहीत असतं, मग उलटं गणित करून आकडे बसवायचे. मी त्यात उस्ताद होते. माझं उत्तर पुस्तकाशी तंतोतंत जुळलं. रंजनाचं बरंच चुकलं होतं. पण तिने काय केलं, तर न जुळणारी रीडिंगं खोडली नाहीत. वहीच्या पानावर खाली कोपऱ्यात एक चौकोन काढून त्यात लिहून ठेवली. आणि मग आठवडाभर बाकीच्यांच्या वह्या मागून मागून त्यांच्या खोडलेल्या रीडिंगांचेसुद्धा ढीग लावले. शेवटी सरांकडे गेली.

"सर, वाकडी रीडिंगं सगळी तीन नंबरच्या स्टॉपवॉचची हायेत. ते घड्याळ मागं पडतंय."

सरांनी तपासलं. पडत होतं. कोण जाणे किती वर्षं. सरांनी त्यावर 'खराब' अशी चिठ्ठी चिकटवली, आणि मग सावकाश हजेरीची वही उघडली, कुणी कुठलं घड्याळ घेतलं होतं ते बघायला. माझ्या नावापुढे तीन नंबर होता. मागे पडणाऱ्या घड्याळातून तंतोतंत उत्तर काढणारी मी एकटीच! सर नुसते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. बोलले असते तर परवडलं असतं.

आणि रंजना? बाहेर येऊन मला म्हणते, "सॉरी गं मुग्धे, मला नव्हतं माहीत तू ते घेतलेलं." खरोखर वाईट वाटलं होतं तिला. तिचा चेहराच पडला होता. तिचा हा चांगुलपणा मला सगळ्यात जास्त खुपायचा. थोडी जरी गर्विष्ठ असती तरी माझं काम किती सोपं झालं असतं.

जानेवारीत सरांनी वर्गात सांगितलं की पुण्याच्या एका संशोधन संस्थेत उन्हाळ्यात दोन महिने काम करायला आपल्या कॉलेजातून एक जण घेणार आहेत. एकच. तिथल्या मॅडम स्वतः येतील, आणि सर एक प्रश्न देणार, त्यावर दहा मिनिटं बोलायचं. नावं दिली दोघींनीच. मी आणि ती. मला ती जागा किती हवी होती ते कसं सांगू! मी आईला सांगून नवीन ड्रेस शिवायला टाकला होता. शेजारच्या काकूंना तर सांगितलंच होतं की मी जातेय म्हणून.

प्रश्न सरांनी फळ्यासमोर उभं राहून, वेलची चघळत सांगितला.

"सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की फुगतो. मग वरचं सगळं सोडून देतो आणि आतला गाभा तेवढा उरतो. पृथ्वीएवढा लहान, पण भयंकर जड आणि तापलेला. त्याला म्हणायचं श्वेत बटू. हे बटू वजनाला साधारण सूर्याच्या निम्म्याच्या थोडे वर असतात. पण काही सापडलेत अगदी हलके, सूर्याच्या पाचव्या हिश्श्याएवढे. आता गंमत बघा. इतका हलका गाभा मागे ठेवायचा तर मूळ तारा लहानसाच हवा. आणि लहान तारा इतका सावकाश जळतो, की विश्वाचं आजवरचं सगळं वय घेतलं तरी तो म्हातारा व्हायला पुरत नाही. म्हणजे तसा एकही तारा अजून मेलेला नाही. मग हे हलके बटू आले कुठून?"

"म्हणजे मरायची वेळ आली नाय, तरी मेलेत," रंजना म्हणाली.

"बरोब्बर," सर म्हणाले.

बरोब्बर! प्रश्नच तर पुन्हा म्हणून दाखवला होता तिने. त्याला काय बरोब्बर?

मी कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेत जाऊन बसले. माझा टायपिंगचा स्पीड तेव्हाही भयंकर. चार संध्याकाळी बसून चाळीस पानं छापून आणली, सगळी इंग्लिश, गच्च बारीक अक्षरात. वाचली म्हणजे हायलाइटरने रंगवली. डोक्यात काही शिरत नव्हतं. आणि रंजना मात्र निवांत. काड्यांचे ढीग लावतेय, शेंगदाणे खातेय. मला वाटायला लागलं हिला नक्की उत्तर सापडलंय.

शुक्रवारी ती म्हणाली, "मी घरी चालले, रांगडा कांदा काढलाय, निवडायला माणसं कमी हायेत. येतेस का? मजा येईल."

मी लगेच हो म्हटलं. तिला वाटलं मैत्रीण म्हणून. मी हेरायला चालले होते.

सटाण्याच्या अलीकडे फाट्यावर उतरून चालत गेलो. शेताच्या कडेला कांद्याचा हा एवढा ढीग, आणि भोवती सात-आठ बायका बसलेल्या. प्रत्येकीचे हात रंजनासारखे! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोठा कांदा एकीकडे, बारीक गोल्टी दुसरीकडे, आणि जोड कांदा, म्हणजे दोन गड्डे एकत्र वाढलेला, तो तिसरीकडे. जोड बाजारात चालत नाही, पण टाकतही नाहीत. तो घरात खायला, नाहीतर आणखी कशाला. त्याला बाजूचा ढीग.

रंजनाच्या आईला सगळे माय म्हणायचे. बारकीशी बाई, आवाज मात्र तीन शेतं ओलांडून जाणारा. त्यांची बोली अहिराणी. मी बसले आणि एकेक कांदा उचलून, फिरवून, निरखून ठेवायला लागले. मायने पाच मिनिटं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"नाशिकनी पोर एक एक कांदानी वळख करी ऱ्हायनी!"

बायका खदाखदा हसल्या. रंजना पण. मी पण हसले, आतून जळत.

मग मी स्पीड वाढवला आणि एक छानसा, गोल, टप्पोरा कांदा चांगल्यांच्या ढिगात टाकला. मायचा हात विजेसारखा आला आणि तो उचलून घेतला.

"आठे नको टाकू. हाऊ एकला नई शे. जोड शे."

"एकच तर आहे की मावशी," मी म्हटलं. खरंच बाहेरून एकच दिसत होता.

मायने अंगठ्याच्या नखाने वरची कोरडी साल सर्रकन काढली. आत दोन गड्डे. एक भरलेला, आणि त्याला चिकटून एक चपटा, किडमिडा.

"वरनी साल दोन्हीसनी एकच शे," माय म्हणाली. "मोठानी धाकलाले खाई टाकं."

मी म्हटलं, "हां हां," आणि पुढचा कांदा घेतला. दोन मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की रंजनाचे हात थांबलेत. मी तिला ओळखत होते तेव्हापासून पहिल्यांदा. तिने तो जोड मायच्या हातातून घेतला होता आणि त्या किडमिड्या गड्ड्याकडे बघत होती.

"मुग्धे," ती म्हणाली, "हा एकटा नाय."

"कळलं गं, जोड आहे."

"कांदा नाय! तो बटू. सरांचा हलका बटू. तो एकटा नाहीचे. एकट्याला इतकं हलकं होताच येत नाय, सर म्हनले ना, वेळच पुरत नाय. मग त्याला कुनीतरी सोललाय!" ती इतकी भराभर बोलायला लागली की बायका निवडायच्या थांबल्या. "हे बघ, दोन तारे जोडीनं. मोठा आधी म्हातारा होनार, फुगनार. फुगता फुगता धाकल्याला पन आत घेनार. म्हंजे वरची साल दोघांची एकच! मग धाकला त्या सालीच्या आत गरगर फिरनार, घासत घासत, आत आत सरकत. त्या घासण्यानंच साल तापून उडून जानार. आन मोठ्याचा गाभा अजून भरायचा होता गं! भरायच्या आधीच सोलला. म्हनून हलका!"

"काय झाये व हिले?" माय मला विचारत होती. मला काय झालंय ते कुणी विचारत नव्हतं. कारण मला त्या क्षणी माझ्या चाळीस पानांतलं सतरावं पान आठवत होतं. त्यावर दोन शब्द होते, मी पिवळ्या हायलाइटरने रंगवलेले, त्यांचा अर्थ होता सामाईक आवरण. मी ते रंगवून पुढे गेले होते. उत्तर चार दिवस माझ्या पिशवीत पडून होतं, आणि तिला ते एका कांद्यात दिसलं.

तिने तो जोड ओढणीच्या टोकात बांधून घेतला.

रविवारी परतीच्या गाडीत ती खिडकीशी, मी शेजारी. ती हळूच म्हणाली, "उद्या मॅडमसमोर कांदाच घेऊन जाऊ का गं? सोलूनच दाखवते. मला तसंच सांगता येईल."

आणि मी, आईशप्पथ, मी एक सेकंदही विचार केला नाही.

"वेडी आहेस का? पुण्याच्या मॅडम येणार, आणि तू कांदा सोलणार? हसतील गं. इंग्लिशमधे बोल. हे घे," असं म्हणून मी माझी चाळीस पानं तिला दिली. "सतरावं पान बघ. हेच लिहिलंय, नीट शब्दांत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पानं मांडीवर घेतली.

"तू होतीस म्हणून बरं," ती म्हणाली.

सोमवारी लॅबमधे पुण्याच्या मॅडम, सर, आणि मागे बसलेला आमचा वर्ग. रंजना आधी. हातात माझी पानं. तिने इंग्लिशमधे सुरुवात केली आणि तिसऱ्याच वाक्याला अडकली. परत पहिल्यापासून सुरू केलं. परत अडकली. मॅडम चांगल्या होत्या, म्हणाल्या, "सावकाश. फक्त एवढं सांग, ते आवरण निघून का जातं?"

रंजनाने पानं टेबलावर ठेवली. पण तिचे हात! तिचा उजवा अंगठा हवेत काहीतरी सोलत होता. सर्रकन, परत सर्रकन. तोंडातून एक शब्द नाही, आणि हात सगळं उत्तर देऊन मोकळे. मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या, त्यांना दिसलं नाही. मला दिसलं. सरांना दिसलं.

तिची ओढणी टोकाला गाठ मारलेली होती. आत काय होतं ते मला माहीत होतं. मी एवढंच म्हणायचं होतं, 'सर, तिला कांदा दाखवू द्या.' पाच शब्द. मी नाही म्हटले.

मग मी उठले आणि धडाधड बोलले. दोन तारे, सामाईक आवरण, घर्षण, अर्धवट गाभा. फळ्यावर गोल काढले. मॅडम खूश झाल्या. सरांनी विचारलं, "हे कुठे सापडलं तुला?"

"नेटवर, सर," मी म्हटलं. पान तर होतंच ना.

सर वेलची चघळत होते. "छान," म्हणाले. मला वेलची दिली नाही.

पुण्याची जागा मला मिळाली. रंजनाने सगळ्यांच्या आधी येऊन मिठी मारली, आणि तिच्या ओढणीचा तो कांदा माझ्या बरगडीत रुतला.

पुण्यात काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखं काही केलंच नाही मी. मला ताऱ्यांच्या प्रकाशाच्या आलेखांचा मोठा गठ्ठा दिला होता. चांगले आलेख वेगळे करायचे. मी झपाझप केलं, दोन दिवसांत संपवून मॅडमच्या टेबलावर ठेवलं.

"आणि विचित्र होते ते?" त्यांनी विचारलं.

"काढून टाकले मॅडम. खराब होते."

"टाकलेस?" त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या. "अगं, बाजूला ठेवायचे ना! आपले जोडीचे तारे त्यातच सापडायचे."

मी कचऱ्याच्या टोपलीत हात घालून एकेक कागद परत काढत होते, आणि कानात दुसराच आवाज घुमत होता. टाकायचं नाय. तेव्हा तरी मॅडमना सांगायचं की हे काम कुणाचं होतं. नाही सांगितलं. तोंड उघडलं की जागा जाईल असं वाटत होतं. दोन महिने मी त्या जागेवर बसले आणि एकही दिवस ती मला माझी वाटली नाही.

आणि इकडे नाशकात काय झालं माहितीये? जूनमधे नवीन पोरं आली. सरांनी रंजनाला सटाण्याहून मुद्दाम बोलावून घेतलं, "ये, आणि जे आणायचंय ते घेऊन ये," असा निरोप पाठवून. ती अर्धी गोणी जोड कांदे घेऊन आली. प्रत्येक पोराच्या हातात एक. सोला म्हणाली. आणि मग मराठीत, अहिराणीत, जशी बोलते तशी, तासभर बोलली. लॅबला आठवडाभर कांद्याचा वास येत होता म्हणे. पोरं रडत होती, अर्धी कांद्याने आणि अर्धी हसून. मी परत आल्यावर जो भेटेल तो मला तेच सांगायचा. "तू नव्हतीस? अरेरे. मिस केलंस तू." माझ्या फळ्यावरच्या गोलांची एकालाही आठवण नव्हती.

त्यानंतर आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. मी सॉफ्टवेअरमधे लागले, टायपिंगचा स्पीड कामी आला. तिने सटाण्यालाच दोन वर्षं शिकवलं, मग एमेस्सी केली, मग प्रवेशपरीक्षा दिली. पहिल्यांदा राहिली, दुसऱ्यांदा पास झाली. तिला पुण्याला पीएचडीला जागा मिळाली. त्याच संस्थेत, त्याच मॅडमकडे, आणि विषय कुठला ते तुम्ही ओळखलंच असेल. हलके बटू, जोडीचे.

गेल्या वर्षी तिचा फोन आला. "मुग्धे, सटाण्याच्या गाडीने नाशकात सीबीएस स्टँडला उतरते, पुण्याची गाडी धरायच्या आधी दहा मिनिटं हायेत. येतेस?"

मी गेले. वेणी तशीच, घड्याळ तेच. पिशवीतून शेंगदाण्याची पुडी काढून तिने आधी माझ्यापुढे धरली. मी ठरवूनच गेले होते. सात वर्षं पोटात ठेवलेलं एकदाचं ओकायचं.

"रंजना, तेव्हा गाडीत मी तुला कांदा नको म्हटलं ना. मी मुद्दाम म्हटलं होतं. मला ती जागा हवी होती."

"माहितीये," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तेव्हाच. पिंपळगाव यायच्या आधीच कळलं होतं. तू जळलीस की तुझ्या नाकाचा शेंडा लाल होतो. आत्ता पन झालाय."

"मग ऐकलंस कशाला माझं?"

तिने एक करपलेला दाणा कोपऱ्यात सरकवला.

"मलाच लाज वाटत होती ना, कांद्याची. कॉलेजात कुनी हात हातात घेतला तरी मी नखं लपवायचे. तू नको म्हटलंस ना, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. तू नसतं म्हटलं तरी मी ती गाठ सोडली नसती. तू उगाच मनाला लावून घेतलंस एवढी वर्षं. तुझा काही संबंधच नव्हता बघ त्यात."

काही संबंधच नव्हता!

म्हणजे बघा. तिच्या गोष्टीत चांगली मैत्रीण तर मी नव्हतेच. निदान तिचं वाटोळं करायला निघालेली दुष्ट बाई तरी असेन, असं सात वर्षं समजत होते. रात्री झोप उडाली होती माझी त्या पाच शब्दांनी. आणि तिने ते इतक्या सहज, इतक्या मायेने, माझ्या हातातून काढून घेतलं. तिच्या कुठल्याच ढिगात मी नव्हते.

"तुला द्यायला आनलाय," म्हणून तिने पिशवीतून एक कांदा काढून मला दिला. गोल, टप्पोरा, बाहेरून एकच वाटणारा. "ओळख बरं?"

मी हातात फिरवला. अंगठ्याने दाबून बघितला. "जोड आहे," मी म्हटलं.

"आली तुला वळख," ती म्हणाली, आणि अगदी मायसारखी खदाखदा हसली.

पुण्याची गाडी लागली. तिला खिडकी मिळाली. मी खाली उभी, हातात तो कांदा. वर ती बसलेली, मांडीवर कागद पसरलेला, शेजारच्या आजींशी कशाबद्दल तरी रंगात येऊन बोलत होती आणि हात आपलं काम करत होते. भरलेले दाणे इकडे. करपलेले, किडके, वाकडे कोपऱ्यात. गाडी सुरू झाली तशी तिने भरलेले तोंडात टाकले, थोडे आजींना दिले, आणि मग कागदाची नीट घडी घालून त्या कोपऱ्यातल्या दाण्यांची पुडी बांधली. मला वाटलं आता खिडकीतून फेकेल. नाही फेकली. पिशवीतून पर्स काढली, पुडी आत ठेवली, चेन लावली आणि वर बघून मला हात केला.

आणि खरं सांगते, मला त्या पुडीचा हेवा वाटला.